पापणीचा एक केस

"विमलमावशी, या काडीचा केस कुठंय?"

"काढून टाकला की," विमलबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "काडीची डबीबी पुसली. पर ताई—"

निवेदिता मटकन खुर्चीत बसली. तिच्या आईने, डॉ. नीलिमाने, एकतीस वर्षं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पेशी बघितल्या. यंत्र खोलीभर. पण पेशींचा काप त्या यंत्रापर्यंत न्यायला तिच्याकडे एकच हत्यार होतं: काडीच्या टोकाला चिकटवलेला पापणीचा एक केस. काप केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढा पातळ, पाण्यावर तरंगणारा. चिमटा लागला की चुरगळायचा. पापणीचा केस त्याला नुसती वाट दाखवायचा.

आईला जाऊन दोन महिने झाले होते. तिचा शेवटचा नमुना, राळेत गोठवलेला, मसुराच्या डाळीएवढा, तसाच राहिला होता. त्यात पेशी इतक्या थोड्या उरल्या होत्या की जेमतेम सहा काप निघतील, असा तिच्या विद्यार्थ्याचा, केयूरचा अंदाज होता. ताथवड्याच्या कॉलेजात आज तो ते कापणार होता. "मॅडमचीच काडी आण," त्याने बजावलं होतं.

"आईचा केस होता तो, मावशी! तेवढाच उरला होता. कचरा कुठंय?"

"घंटागाडीत गेला. अवो, ऐका तर—"

"आता काही बोलू नका!"

घंटागाडी डांगे चौकाच्या अलीकडे सापडली. मागोमाग विमलबाईही धापा टाकत आली.

"काय हरवलं मॅडम? अंगठी?" गाडीवरच्या ज्योतीरामने विचारलं.

"पापणीचा केस."

ज्योतीरामने आधी ढिगाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "कुठल्या डोळ्याचा?" त्याने गंभीरपणे विचारलं.

तेवढ्यात केयूरचा फोन आला. "निवे, कुठं आहेस? तू येतेयस म्हणून मी सुरुवात केली. सहाच निघाले बघ. पाण्यावर आहेत आणि काठाकडे सरकतायत. काठाला चिकटले की संपलं!"

रिक्षात विमलबाईने दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा निवेदिताने हात वर केला.

प्रयोगशाळेत, केस नाही म्हटल्यावर केयूरने स्वतःच्या पापणीचा उपटला. आखूड. दुसरा वाकडा. तिसरा मधेच तुटला. निवेदिताने आपला दिला. "हा फार वळतो गं, काप उलटेल," तो डोळे पुसत म्हणाला. तीन केसांत त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

"आता तरी बोलू का?" विमलबाईने विचारलं.

"बोला हो!"

"त्यो केस माजाच व्हता."

डोळे पुसता पुसता केयूर तिच्याकडे वळला.

"बाईंच्या पापण्या पयल्यापासनं विरळ. धा वर्सं माजाच केस न्यायच्या. टोक फाटलं की जुना काढून टाक, नवा दे, म्हणायच्या. ह्याचंबी फाटलं व्हतं." तिने कोथिंबीर खुडावी तसा पापणीचा एक केस खुडला आणि बोटावर पुढे धरला. सरळ, निमुळता, काळाभोर.

"मावशी, तुमचं आडनाव काय?" केयूरने हळूच विचारलं.

"गायकवाड."

"अरे देवा. मॅडमच्या अलीकडच्या प्रत्येक पेपरमध्ये शेवटी व्ही. गायकवाड यांचे आभार असायचे. मला वाटायचं, बंगळूरचे कोणी मोठे शास्त्रज्ञ असतील. दोनदा त्यांचा ईमेल शोधला मी!"

निवेदिताच्या पर्समधल्या नेलपॉलिशने केस काडीला चिकटला. केयूरने हात स्थिर केला. शेजारच्या भिंगातून निवेदिता बघू लागली.

काळ्या पाण्यावर सहा चंदेरी चौकोन तरंगत होते. एकाच्या कडेला सोनेरी झाक होती. रंग कुणी दिलेला नव्हता. इतकं पातळ झालं की वस्तूला तो आपोआप येतो, असं केयूर कुजबुजला. केस आला, कापांच्या कडेला टेकला न टेकला, आणि सहाही जण रांगेने वळून तांब्याच्या इवल्याशा जाळीवर जाऊन बसले.

"मावशी, या. तुम्हीही बघा."

विमलबाई वाकली ती बराच वेळ सरळच झाली नाही.

"बाई रोज हे बघायच्या?"

"रोज."

"मंग बरोबर हाय. घरी आल्यावर घटकाभर कुणाशी बोलायच्या न्हाईत. मला आपलं वाटायचं, माज्यावर रागावल्यात."

निवेदिताने तिच्या खांद्यावर हात ठेवला. लहानपणापासून तिलाही तेच वाटत आलं होतं.