संगणकमान्य दूध

मिरकरवाड्याची मथुरा सातव्याच महिन्यात बाळंत झाली. २००७ सालच्या प्रगतिशील रत्नागिरीत ही गोष्ट तिने कोणालाही पूर्वसूचना न देता केली. पोर तळहातावर मावेल एवढं. त्याला काचेच्या खोलीत उबेच्या खाटेवर ठेवलं, आणि मथुराला बाहेरच्या बाकावर.

सुदैवाने त्याच आठवड्यात रुग्णालयात 'क्षीरसंदेश' योजनेचं उद्घाटन झालं होतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आयांना मोबाईलवर प्रश्न जायचे. 'हो'ला एक दाबायचं, 'नाही'ला दोन. कोणत्या आईला मदतीची गरज आहे, ते मग संगणक ठरवणार. योजनेचे समन्वयक मुकुलसाहेब यांनी मथुराकडे नंबर मागितला.

"माज्याकडं मोबाईल नाय. घोवाकडं हाय, भिवाकडं."

"चालेल. पती-पत्नी एकच," साहेब म्हणाले. उत्तर आलं नाही किंवा वेडंवाकडं आलं तर बाळाचं नाव योजनेतून कमी होईल, असा दमही त्यांनी भिवाला भरला.

भिवा दुसऱ्या दिवशी खलाशी म्हणून ट्रॉलरवर गेला. किनाऱ्याजवळून जाताना रेंज आली आणि फोन वाजला. भिवाला वाचता येत नव्हतं, म्हणून बोटीच्या म्होरक्याने, तांडेलाने, मोठ्याने वाचलं, "ताई, दूध येतंय का?" 'नाही' म्हटलं तर पोराचं नाव कापतील, या भीतीने भिवाने एक दाबला. लगेच दुसरा प्रश्न आला, "छाती जड वाटते का?" भिवा पहाटेपासून जाळं ओढत होता. माणूस प्रामाणिक, पुन्हा एक दाबला.

इकडे मथुराला दूधच येईना. ती काकुळतीला येऊन सावनी सिस्टरला म्हणाली, "सिस्टर, कसं काढायचं ता दावा ओ. थेंब नाय येत."

सिस्टरने संगणकाकडे पाहिलं. "तुमचं नाव हिरव्यात आहे. मदत लाल नावांना."

"पन छाती माजी हाय ना?"

"छाती तुमची. माहिती सिस्टिमची."

तिसऱ्या दिवशी संगणकाला संशय आला. दूध भरपूर, आणि बाळापर्यंत थेंबही पोचत नाही? त्याने मथुराची 'उदासीन माता' अशी वर्गवारी केली. उदासीन मातेला समुपदेशन पूर्ण होईपर्यंत बाळाजवळ सोडायचं नाही, असा नियम होता. समुपदेशन अर्थातच मोबाईलवर. "ताई, बाळाचा राग करू नका. त्याला छातीशी धरा. समजलं असल्यास एक दाबा." हे ऐकून भिवा जाळ्याच्या ढिगावर बसून पोरासारखा रडला.

तांडेल म्हणाला, "रड बाबा. पन आधी एक दाब."

तोवर रेंज गेली होती.

त्या दुपारी भारनियमनात वीज गेली. रुग्णालयाचा जनरेटर तत्परतेने सुरू झाला. मात्र योजनेत खंड पडू नये म्हणून तो संगणकाच्या खोलीला जोडलेला होता. उबेची खाट गार पडू लागली.

"साहेब, पोर थंड पडतंय! आईला आत घेते," सावनी सिस्टर म्हणाली.

"समुपदेशन प्रलंबित दिसतंय," मुकुलसाहेब पडद्यावरची नजर न काढता म्हणाले.

मथुराने दार ढकललं. सावनी सिस्टरने त्या नोकरीत प्रथमच पडद्याकडे पाठ केली. तिने पोराला उचललं, मथुराच्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वरून पदर लपेटला. मथुरा श्वास घ्यायलाही भीत होती. बऱ्याच वेळाने ते इवलंसं तोंड हललं, चाचपडलं आणि लागलं. दूध आलं. हसावं की रडावं हे तिला कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं.

मुकुलसाहेबांनी टाईप केलं : 'संदेशानंतर त्याच दिवशी स्तनपान सुरू. यश शंभर टक्के.'

पोर जगलं. सोहम नाव ठेवलं. योजनेला पुरस्कार मिळाला, आणि सत्काराला मथुराला मंचावर बोलावलं. दोन शब्द बोला म्हटल्यावर ती म्हणाली, "तो जनरेटर आधी पोरांच्या खाटांना जोडा."

मुकुलसाहेबांनी हसून माईक काढून घेतला. "ताई भावनावश झाल्या आहेत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. आपणही वाजवल्यात. दुसऱ्या रांगेत होतात ना? मध्येच गावातली वीज गेली, पण आपल्या डोक्यावरचा पंखा फिरतच राहिला. जनरेटर त्या दिवशी रुग्णालयातून आणला होता. वारा छान लागत होता. कुठून येतोय, हे आपण काही विचारलं नाहीत.