मथळ्याचा मान

“मामा, आता शिशाचे खिळे जुळवायचं विसरा. पत्रिका कॉम्प्युटर लिहील. एका अक्षराची चूक व्हायची नाही,” असं आदितीनं सासऱ्यांना ठणकावून सांगितलं, ते साल दोन हजार एक. शाहूपुरीतल्या भूपालअण्णांच्या छापखान्यात कॉम्प्युटर येऊन महिना झाला होता. अण्णा त्याच्याकडे नव्या व्याह्याकडे बघावं तसे बघत. बोलायचं गोड, विश्वास ठेवायचा नाही.

“एक जरी पत्रिका बिघडली, तर हे खोकं माळ्यावर,” अण्णा म्हणाले.

आदितीनं पर्ल नावाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहिला. नेहमी लागणारी कामं ती वेगळ्या फायलींत ठेवी. त्यांना म्हणायचं मॉड्यूल. लग्नाचा मजकूर अण्णांनी सांगितला, म्हणून ते मॉड्यूल ‘भूपाल’. कुस्तीच्या हँडबिलांचा मजकूर तिच्या नवऱ्यानं दिला, म्हणून ते ‘केतन’. दोन्हींत ‘मथळा’ याच नावाचं एक काम होतं. हंबीररावांच्या मुलीच्या, अक्षताच्या लग्नपत्रिकेला केतनमधली वेलबुट्टीची चौकट तेवढी हवी होती. म्हणून प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत तिनं केतनला बोलावलं, दुसरीत भूपालला. प्रूफ झकास निघालं.

तेवढ्यात अण्णांनी पडद्यावर बोट ठेवलं.

“हे काय? पोरगा वर आन् बाप खाली?”

“मामा, हे आतलं आहे. लोकांना दिसत नाही.”

“मला दिसतंय की.”

सासऱ्यांचा मान. आदितीनं ओळी उलट्या केल्या. पर्लनं कुरकुर केलीही असती, पण त्याच्या सूचना तिनं बंद ठेवल्या होत्या. सासरी सूचनांचा तुटवडा नव्हता. प्रूफ आधीच बघून झालं होतं, म्हणून पाचशे पत्रिका तशाच छापल्या, गठ्ठे बांधले, गेल्या.

हंबीरराव पहिली पत्रिका देवाला ठेवायला जोतिबाला गेले. तिथून थेट छापखान्यात उगवले.

“अण्णा, मी पोरीचं लग्न ठरवलंय का मैदान भरवलंय?”

आदितीनं पत्रिका घेतली. ‘चि. सयाजी विरुद्ध चि. सौ. कां. अक्षता. निकाली लढत. पंचांचा निर्णय अंतिम राहील.’

“पुजारी मला इचारतोय, वजनी गट कुठला?”

अण्णांनी मान वर करून माळ्यावर जागा किती आहे ते बघितलं. आदितीनं प्रोग्रॅम उघडला, ओळी वाचल्या आणि पदर सावरला.

“मामा, दोघं एकाच नावाचं काम घेऊन आले, की पर्ल शेवटी आलेल्याचं ऐकतं. तुम्ही आधी येऊन बसलात. मागनं हे आले, ते तुमचा मथळा हटवून बसले.”

“म्हंजे मी खाली बसायचं?”

“खाली बसलात तरच तुमचं चालेल.”

“बसा की अण्णा,” हंबीरराव म्हणाले. “मांडवात मी तुम्हास्नी पार नवऱ्या मुलाशेजारी बसवतो.”

पडद्यावर अण्णा खाली बसले. ‘विरुद्ध’ गेलं, ‘आणि’ आलं. नव्या पत्रिका घेताना हंबीरराव म्हणाले, “देवाजवळची तेवढी ऱ्हाऊ दे. त्याला कळतंय सगळं.”

दिवस मावळायच्या आत अण्णा जेवायला बसले, पण ताटातली भाकरी नुसती मोडत बसले.

“पद्मावती, कसली गं ही भाषा? थोरल्यानं आधी यायचं, आन् चालायचं मात्र शेवटी आलेल्याचं?”

सासूबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली.

“ह्या घरात सगळ्यात शेवटी कोण आलं?”

“आदिती.”

“मग? खोकं गेलं का माळ्यावर?”

अण्णांनी आमटी मागितली.