हौसाबाईंच्या गिअरची मूठ

हौसाबाईंच्या मोटारीला हॉर्न होता आणि तो वाजतही होता. पण त्यांनी तो वाजवलेला मी कधी ऐकला नाही. पुढं कुणी आडवं आलं की त्या खिडकीतून डोकं बाहेर काढायच्या आणि त्या माणसाला नावानं हाक मारायच्या. "ए किसन, बैल डावीकडं दाब!" "अगं सुंदरे, मधी काय उभी ऱ्हायलीस, सासरी भांडून आलीस का काय?" भोंगा वाजवला की माणूस दचकून कुठंही पळतो आणि नावानं हाक मारली की बाजूला होतो, असं त्यांचं म्हणणं. एकदा घोडेगावच्या बाजाराला जाताना एक अनोळखी म्हैस आडवी आली. हौसाबाई गाडी थांबवून खाली उतरल्या, म्हशीच्या मालकाला गाठून तिचं नाव विचारून आल्या, पुन्हा बसल्या आणि डोकं बाहेर काढून म्हणाल्या, "चंद्रे, सर की बाई." म्हैस सरली. मी शेजारी बसलो होतो, म्हणून सांगतो.

ही एकाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. घोडेगावजवळच्या एका खेड्यातल्या हायस्कुलात मी नव्यानं मास्तर म्हणून लागलो होतो आणि हौसाबाईंच्या घराची रस्त्याकडची खोली भाड्यानं घेतली होती. घरात माणसं दोनच, हौसाबाई आणि त्यांचे मालक तात्या. मुली लग्न होऊन लांब गेलेल्या. विहिरीला पाणी, शेतात ऊस आणि अंगणात लिंबाखाली ती काळी मोटार. तात्यांनी ती नगरच्या एका डॉक्टराकडून जुनी विकत घेतलेली. तिच्यावर त्यांचा असा जीव की गिअरला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपायचा नाही. "इंजिन कुनीबी चालवंल," ते म्हणत, "गिअरला हात लागतो."

मी राहायला येण्याआधीच तात्यांची डावी बाजू लुळी पडली होती. जीभ शाबूत होती, उजवा हात चालत होता. पण त्यांनी दोन्ही वापरायचं सोडलं होतं, त्यामुळं उजव्या हाताची पकडही सैल पडत चालली होती. ओसरीवरच्या बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. हौसाबाई भरवायच्या. काही विचारलं तर "हूं". मोटार लिंबाखाली उभी राहिली आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या.

तेव्हा हौसाबाईंनी नऊवारीचा काष्टा घट्ट मारला आणि उसाच्या ट्रकवरच्या एका ड्रायव्हरकडून गाडी शिकून घेतली. लायसनसाठी नगरला गेल्या, तेव्हा साहेबानं त्यांना गाडी मागं घ्यायला सांगितलं. हौसाबाईंनी मागं घेतली ती थेट फाटकापर्यंत, एका रेषेत. वर विचारलं, "आजून घिऊ का? रस्त्यानं घरापातूर येते." साहेबानं सही केली.

काय चालवायच्या! तिसऱ्यातून दुसऱ्यात गाडी उतरायची ती पायरी उतरल्यासारखी, धक्का म्हणून नाही. क्लच, ब्रेक, गिअर यांना त्यांनी आपली नावं दिली होती. क्लच म्हणजे सासू, "तिला आदी दाबून धरल्याबिगर कायबी हलत न्हाई." मी पदार्थविज्ञान शिकवायचो, पण त्या वळण घ्यायच्या तेव्हा हातातली पिशवी सोडून नुसता बघत बसायचो.

एवढं असूनही तात्या त्या गाडीत बसले नाहीत. दवाखान्यात न्यायचं म्हटलं तरी बैलगाडी जुंपायला लावायचे. "बायको हाकनार आन् मी बाजूला गठुळं हून बसनार?" एवढंच बोलले आणि भिंतीकडं वळले.

एका रविवारी सकाळी मी दात घासत बाहेर आलो, तर हौसाबाई मोटारीत बसून गिअरची मूठ दोन्ही हातांनी पिळत होत्या. मूठ म्हणजे दांड्याच्या टोकावरचा तो काळा चकचकीत गोळा, चिकूएवढा.

"काय झालं, काकू?"

"ही काढायची हाय."

"बिघडलीय का?"

"बिघडायला काय झालंय? काढायची म्हंजे काढायची."

मूठ मात्र हलेना. त्यांनी पदर गुंडाळून पिळली. मग माझ्याकडून पिळवली. माझ्या तळव्याला फोड आला. मग त्यांनी गोडंतेल सोडलं, तेव्हा मूठ तेवढी चकाकली आणि हात मात्र सटासट घसरायला लागले. शेवटी घोडेगावच्या फिटरला निरोप गेला. त्यानं वाकून पाहिलं आणि सांगितलं, "आत आटे गंजल्यात. हातोडा घालतो, फोडतो, मोकळं."

"आन् हातोडा दांड्यावं बसून आटेच मोडलं, तर नवी मूठ कशावं बसवू? तुझ्या टकुऱ्यावं?"

फिटर चहा पिऊन गेला.

त्यानंतरचं मी जे पाहिलं, तसं पुढं कधी पाहिलं नाही. एरवी भाकरी थापतानासुद्धा घाईत असणारी ही बाई त्या मुठीपुढं एखाद्या आजारी पोरापुढं बसावी तशी बसली. आधी कंदिलाची वात घासलेटात भिजवून मुठीच्या बुडाशी गुंडाळली. "पिऊ दे तिला निवांत." दिवसभर तिला हात लावू दिला नाही, येता-जाता वात तेवढी पुन्हा ओली करायच्या. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आलो, तेव्हा चुलीवरून कढत पाणी आणून फडक्यानं शेक देणं चाललं होतं. फडकं गार झालं की दुसरं. बोटं भाजून लाल झालेली.

"मास्तर, तुमच्या सायकलची जुनी टूब हाय का?"

मी आणून दिली. ती त्यांनी मुठीभोवती आवळून गुंडाळली. मला खाली वाकवून दांडा पान्यानं घट्ट धरायला लावला. "ह्यो हलता कामा नये. हलला तर आतलं दातं जात्याल." मी श्वास रोखून धरला. त्यांनी जोर लावला तो हिसका मारून नव्हे. हळूहळू वाढवत नेला. त्यांच्या कपाळाची शीर वर आली. कुठंतरी 'कट्' झालं. मला वाटलं, मोडला दांडा.

"आली!" हौसाबाई पुटपुटल्या. मूठ फिरत होती.

त्याच संध्याकाळी त्या भिवा सुताराकडून नवी मूठ घेऊन आल्या. बाभळीच्या लाकडाची, कातलेली, चांगली मोठ्या पेरूएवढी. आतलं भोक असं बेतून पाडलेलं की दांड्याचे आटे लाकडात रुतून बसले. त्या काळ्या मोटारीत ती मूठ इतकी विचित्र दिसत होती की मला हसू आवरेना. हात धुऊन मी परत आलो, तर हौसाबाई गाडीतच होत्या. पण स्टेअरिंगपाशी नव्हत्या. डावीकडच्या सीटवर बसल्या होत्या, आणि उजव्या हाताची बोटं सैल, निर्जीव सोडून त्या मुठीवर ठेवून पाहत होत्या. पुन्हा उचलायच्या, पुन्हा ठेवायच्या. डोळे मिटलेले.

माझं हसू तिथंच थांबलं. मी आवाज न करता खोलीत गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात असा आवाज झाला की लिंबावरचे कावळे उडाले. कर्रर्र, खर्रर्र! बाहेर येऊन बघतो तर हौसाबाई गाडीत बसून गिअर टाकत होत्या आणि तो पडत नव्हता. उघड्या दारातून सासू अर्धवटच दाबलेली मला दिसत होती. गाडी गचके खात एक हात पुढं जायची आणि बंद पडायची. पुन्हा चालू. पुन्हा कर्रर्र!

ओसरीवरच्या बाजेवर हालचाल झाली. तात्यांनी मान वळवली. मग उजव्या कोपरावर उठले.

"अगं ए! दातं मोडशील! क्लच दाब, क्लच!"

त्यांचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"दाबलाय की!" हौसाबाई रडकुंडीला आल्यासारख्या ओरडल्या. "मला ह्यो गिअरच गावंना झालाय. सकाळधरनं असंच चाललंय."

"मग आजपातूर काय करत हुतीस?"

"कसंबसं रेटलं. आता न्हाई रेटत. मी क्लच दाबते, गिअर तुमी टाका. न्हाईतर इकून टाकते गाडी."

तात्यांनी उजव्या हातानं पांघरूण बाजूला सारलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "मास्तर, जरा हात द्या."

मी आणि शेतावरचा गडी, दोघांनी मिळून त्यांना उचललं आणि डावीकडच्या सीटवर बसवलं. त्यांनी उजवा हात उचलून मुठीवर ठेवला. बोटं हळूहळू आवळली. ती मूठ त्यांच्या हातात बरोबर बसली. तो चिकूएवढा गोळा निसटला असता. "ही कुठनं आनली? लाकडाची?" त्यांनी विचारलं.

"जुनी फुटली," हौसाबाई पुढं बघत म्हणाल्या. "दाबलाय मी. टाका."

पहिला गिअर पडायला किती वेळ लागला, ते सांगत नाही. पण कर्रर्र झालं नाही. गाडी अंगणातून बाहेर पडली आणि उसाच्या कडेनं, पोर चालायला शिकताना चालतं तशी थांबत थांबत गेली. दुसऱ्या गिअरला इंजिन रडकुंडीला आलेलं मला लांबून ऐकू येत होतं. ज्या बाईची गाडी पायरी उतरल्यासारखी उतरायची, ती बाई क्लच दाबून वाट बघत होती.

दोघं दुपारी परत आले. तात्या उतरायला तयार नव्हते. "हितंच च्या आन," म्हणाले. उजवा हात मुठीवरच होता, तोंडावर धूळ होती आणि ते मला गिअरबद्दल काहीबाही सांगत होते, भराभर, वर्षभराचं साठलेलं.

हौसाबाई कपबशी घेऊन आल्या आणि त्यांच्या बाजूच्या दारापाशी उभ्या राहिल्या.

"मास्तर," तात्या म्हणाले, "बाईला चालवायची हौस लई हाय. पन गिअरचं अंग न्हाई. बरंच शिकवावं लागंल मला."

"व्हय," हौसाबाई खाली बघत म्हणाल्या. "लागंल की."

त्यांनी हातातली कपबशी घाईघाईनं बॉनेटवर ठेवली आणि पदरानं गाडीची काच पुसायला लागल्या.