बरंबरं साहेबांचा चोविसावा फॉर्म

"प्रत्येक माणूस या वर्षी नवं काय शिकला, ते कागदावर हवं," मालकीणबाई म्हणाल्या. "ते नसेल तर प्रमाणपत्र नाही. प्रमाणपत्र नाही तर मोठ्या दुकानांची ऑर्डर नाही. आणि ऑर्डर नाही तर तुमच्या खुर्चीत मला दुसरं कोणीतरी बसवावं लागेल. कळलं?"

"बरं बरं," मॅनेजर म्हणाले.

वजनकाटे बनवणाऱ्या त्या कारखान्यात तेवीस माणसं होती, आणि तेविसांनी मिळून मॅनेजरांचं नाव 'बरंबरं साहेब' ठेवलं होतं. समोरच्याने तोंड उघडायच्या आत त्यांचं 'बरं बरं' तयार असे. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. फक्त त्यांच्या कानांचं आणि डोक्याचं बऱ्याच वर्षांपासून बोलणं नव्हतं.

खरं म्हणजे त्या वर्षी कारखान्यात कोणीच काही शिकलं नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षीही नाही. म्हणून साहेब सगळे फॉर्म घरी घेऊन आले. एका फॉर्मचे दोन कागद: पहिल्यावर नाव आणि काम, दुसऱ्यावर 'या वर्षी नवं काय शिकलो'. साहेबांनी फोर्कलिफ्टच्या ड्रायव्हरला माल सुरक्षित उचलायला शिकवलं, तपासनिसाला नवी वजनं वापरायला, टेलिफोनवरच्या मुलीला तक्रारी शांतपणे ऐकायला. तासाभरात तेवीस माणसं घडवून झाली. दुसऱ्या कागदावर परत नाव कोण लिहीत बसणार, म्हणून ते काही लिहिलं नाही. कागद जोडायचं काम बायकोकडे गेलं.

"अहो, पहिले कागद हजेरीपटाच्या क्रमाने दिसताहेत. दुसरे कुठल्या क्रमाने लावलेत?"

"बरं बरं."

"तसेच जोडू?"

"बरं बरं, जोड."

"आणि तुमचा स्वतःचा फॉर्म कोराच आहे. मी भरू?"

"बरं बरं."

बायकोने स्टेपलर उचलला. जोडता जोडता ती म्हणाली, "आमची आत्या एकदा चुकीच्या लग्नात जेवून आली होती, ती गंमत तुम्हाला सांगायचीच राहते बघा. ती दारातून आत शिरली, बघते तर—"

"बरं बरं," म्हणून साहेबांनी टीव्ही लावला. बिचारी आत्या गेली वीस वर्षं त्या लग्नाच्या दारातच उभी होती.

शुक्रवारी मालकीणबाईंनी न वाचता सह्या केल्या आणि फॉर्म रवाना झाले. शनिवारी सकाळी हिशोबनीस ऑफिसातली प्रत घेऊन साहेबांसमोर उभे राहिले. ते इतके किरकोळ अंगाचे होते की पंखा मोठा केला तर टेबल धरून बसत.

"साहेब, मी फोर्कलिफ्ट चालवायला कधी शिकलो?"

साहेबांनी प्रत चाळली. चहाच्या मावशींना काटे तपासता येत होते. फाटकावरचे दादा, ज्यांचा आवाज ऐकून टपालवाला लांबूनच पत्र टाकून पळे, ते ग्राहकांच्या तक्रारी नम्रपणे ऐकायला शिकले होते. तेविसांतल्या एकाचाही कागद त्याच्या माणसाला लागलेला नव्हता. आणि प्रमाणपत्रासाठी तपासणी करणाऱ्या परीक्षकबाई सोमवारी येणार होत्या.

"फॉर्म परत मागवा," हिशोबनीस म्हणाले.

"आणि काय सांगू? लबाडी करताना चूक झाली म्हणून?"

आतापर्यंत दारात उभे असलेले फाटकावरचे दादा खाकरले. "साहेब, कागद तर गेला. आता तो काय बदलायचा नाही. पण माणसं इथंच आहेत की."

साहेब 'बरं बरं' म्हणणार होते, पण या वेळी गरज त्यांची होती, त्यामुळे ते वाक्य चुकून कानातून आत गेलं. शनिवार दुपार आणि अख्खा रविवार कारखाना चालू राहिला आणि एकही काटा तयार झाला नाही. ड्रायव्हरने हिशोबनिसांना फोर्कलिफ्टवर बसवलं. पहिल्या फेरीत त्यांनी एक खोकं उचलायचं ते साहेबांचं टेबल उचललं, आणि खाली कसं ठेवायचं ते न आठवल्यामुळे ते टेबल जेवणाच्या सुट्टीपर्यंत वरच होतं. टेलिफोनवरची मुलगी दादांना शिकवत होती.

"दादा, समोरचा ओरडला तरी आपण ओरडायचं नाही."

"मग त्याला कळणार कसं की आपण आहोत?"

"त्याचं संपेपर्यंत थांबायचं. मग त्याचंच म्हणणं त्याला परत सांगायचं."

"एवढंच? मग माणूस भांडणार कुणाशी?" दादा विचारात पडले.

मावशींनी तर कमालच केली. तपासनिसाने पास करून ठेवलेल्या काट्यांपैकी एक त्यांनी बाजूला काढला. "हा वीस ग्रॅम जास्त दाखवतोय. तीस वर्षं साखर मोजतेय मी, मला सांगू नका." तपासनिसाने पुन्हा वजन लावून पाहिलं. वीस ग्रॅमच निघाले. त्यानंतर तो मावशींना 'मॅडम' म्हणू लागला.

सोमवारी परीक्षकबाई आल्या. बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या आणि सगळं लिहून घेणाऱ्या. त्यांच्यादेखत हिशोबनिसांनी डोळे जवळजवळ मिटून एक खोकं उचललं आणि चक्क खाली ठेवलं. मावशींनी बाईंचीच पर्स काट्यावर ठेवून घेतली आणि म्हणाल्या, "दोन किलो तीनशे. खांदा दुखत असेल तुमचा." तेवढ्यात फोन वाजला. पलीकडचा ग्राहक एवढा तापला होता की त्याचा आवाज फाटकापर्यंत जात होता. दादा रिसीव्हर कानाला लावून चार मिनिटं ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे काटा मंगळवारी आला, गुरुवारी बंद पडला, आणि तुम्हाला आमच्याकडून कोणी उत्तर दिलं नाही. बरोबर?" पलीकडचा आवाज एकदम उतरला.

"हे सगळं कधी शिकलात?" बाईंनी मावशींना विचारलं.

'या वर्षी' असं म्हणायचं ठरलं होतं. पण मावशींना खोटं पचत नसे. "शनिवारी," त्या म्हणाल्या.

 शेजारी उभ्या मालकीणबाईंनी साहेबांकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेत खुर्ची आधीच रिकामी झालेली होती. परीक्षकबाईंनी मात्र शांतपणे एक फॉर्म वर काढला.

"हा चोविसावा. मॅनेजरांचा." त्या वाचू लागल्या. "नवं काय शिकले: काही नाही. काय शिकण्याची गरज आहे: समोरचा बोलत असताना ऐकणे. याआधी किती वेळा सूचना दिली: मोजणं सोडून दिलं."

अक्षर बायकोचं होतं. हिशोबनीस छताकडे बघू लागले.

"मी बरीच वर्षं असे फॉर्म वाचतेय," परीक्षकबाई म्हणाल्या. "एवढा खरा फॉर्म मला पहिल्यांदाच मिळाला. बाकीचे तेवीस खोटे होते, पण तुमच्या माणसांनी दोन दिवसांत खरे करून दाखवले. ज्यांना एवढं येतं त्यांना इतकी वर्षं कोणी विचारलं कसं नाही, एवढंच मला कळत नाही. प्रमाणपत्र देते, पण सहा महिन्यांपुरतं. तोवर हा चोविसावाही खरा करा. हा फॉर्म ज्यांनी भरला, त्यांनाच मी पुढच्या वेळी भेटेन."

"बरं बरं," साहेब सुटकेने म्हणाले.

"मी आत्ता काय म्हटलं?"

साहेब दादांकडे बघू लागले. दादा पुढे झाले आणि त्यांनी बाईंचं सगळं बोलणं, सहा महिन्यांसकट, जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

संध्याकाळी साहेब घरी आले. टीव्ही लावला नाही. बायकोसमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "तुझी ती आत्या. चुकीच्या लग्नात गेली होती, ती."

बायकोने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग ती पदर सावरून बसली. "अहो, ती दारातून आत शिरली, बघते तर ओळखीचं कोणीच नाही. तरी ती गेली पुढे. आणि..." ती थांबली.

साहेब पुढे सरकून बसले. वाट बघत राहिले.

"मग?" शेवटी त्यांनीच विचारलं.

"थांबा हो," बायको गोंधळून म्हणाली. "इतक्या वर्षांत इथपर्यंत कधी आलेच नाही मी. पुढचं आठवावं लागेल."

"आठव," साहेब म्हणाले. "मी बसलोय."