हुसेनमियाँचं निवडून येण्याचं वय

उमेदवार कोणाला करायचं यावर जेद्दातल्या कोकणी मंडळींची बैठक हुसेनमियाँच्या घरी भरली, कारण बिर्याणी त्यांच्याकडची होती. कुवेतची लढाई पेटली होती. उद्या पळायची वेळ आली तर वकिलातीत जाऊन भांडायला भारतीय मंडळाला खमका अध्यक्ष हवा होता. हैदराबादवाल्यांनी कादिरसाहेबांना उभं केलं होतं. पांढऱ्याशुभ्र दाढीचा, पासष्टी उलटलेला माणूस. तो नुसता खाकरला तरी लोक उठून उभे राहत. त्याच्यासमोर कोकणी मंडळींना एकच नाव द्यायचं होतं.

"डॉक्टर रणजित हुशार हाय," हनीफ म्हणाला, "पण कादिरसाबांसमोर बत्तीस वर्षांचा पोरगा? लोक त्याला चाय आणायला पाठवतील."

"मग हुसेनमियाँ?" कोणीतरी विचारलं.

"त्यांचं तरी वय काय? चोपन्न!" मुनाफ म्हणाला. तो हुसेनमियाँच्याच कंपनीत कारकून, सगळ्यांचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, त्याला तोंडपाठ. "दाढी बघा की, काळीकुळकुळीत."

हुसेनमियाँना ते झोंबलं. अध्यक्षपदाची त्यांना फार हौस होती. पासपोर्ट काढताना एजंटानं त्यांच्या वयातली बारा वर्षं उडवली होती, तशी कोकणातून आलेल्या निम्म्या मंडळींची उडवलेली. कागदोपत्री त्यांच्या बायको सफूराबी नवऱ्याहून सहा वर्षांनी थोरल्या होत्या आणि त्याबद्दल त्यांनी एजंटाला अजून माफ केलं नव्हतं.

"दाढी रंगवलेली हाय, गाढवांनो!" हुसेनमियाँ उसळले. "सहासष्ट पुरी झाली मला!"

"खरं हाय," हनीफनं साक्ष दिली. "मी पाळण्यात होतो तेव्हा यांना मिसरूड फुटलेलं. आई सांगायची."

बैठकीत एकदम आदर पसरला. नाव पक्कं झालं आणि मंडळी बिर्याणीकडे वळली.

मुनाफच्या पोटात काही राहत नसे. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत कफीलाचं, म्हणजे कंपनीच्या अरब मालकाचं, बोलावणं आलं. हुसेनमियाँच्या पायांखालची जमीन सरकली. साठ झाली की नोकरी खलास, हे त्यांनी कितीतरी जणांचं पाहिलं होतं.

"तू सहासष्टचा आहेस म्हणे?" कफीलानं विचारलं.

"कोण म्हणतो? चोपन्न!" हुसेनमियाँनी अल्लाची शपथ घेतली आणि कोपऱ्यातला ट्रकचा टायर छातीपर्यंत उचलून दाखवला. कमरेत कळ आली, ती त्यांनी हसून लपवली.

"माशाल्ला!" कफीलाचा चेहरा उजळला. "दम्मामच्या गोदामातली पोरं क्षेपणास्त्रांना भिऊन पळाली. साठीच्या वरच्यांना तिकडे पाठवायचं नाही असं मी ठरवलंय. तुझं नाव जाणाऱ्यांच्या यादीतून काढायलाच बोलावलं होतं. आता प्रश्नच नाही. यल्ला, नीघ, संध्याकाळची गाडी आहे."

घरी सफूराबींनी डोक्याला हात लावला. "आता तरी खरं वय सांगा जाऊन!"

"पासपोर्ट खोटा म्हणून आत टाकतील."

"आन् बाँब पडला तर?"

हुसेनमियाँनी घाबरून तोच सदरा बॅगेतून काढून पुन्हा भरला.

आठवड्यानं दम्मामहून कसाबसा फोन लागला.

"तुम्ही निवडून आलात," सफूराबी म्हणाल्या. "बिनविरोध. कादिरसाबांनी नाव मागं घेतलं. म्हणाले, सहासष्टाव्या वर्षी लढाईच्या तोंडी जाणाऱ्या मर्दासमोर मी काय उभा राहू? लोक रडायला लागले."

हुसेनमियाँनी हौसेनं आणि भीतीनं एकदमच विचारलं, "मग अध्यक्षाला परत बोलावतायत ना?"

"उलट! म्हणतात, अध्यक्ष तिथंच शोभतो. मग मला राहवेना. मी भर सभेत उठून सांगितलं, हे काय हौसेनं गेले नाय, कफीलाला 'मी चोपन्नचा' असं सांगायला गेले नि फसले."

"अगो, काय केलंस हे! मग?"

"मग काय, सगळे हसले. म्हणाले, भाभींना मियाँ अजून चोपन्नचेच वाटतात, म्हणजे पुढच्या वर्षीपण यांनाच उभं करू."