बाराशे चाळीस मासे

अधिकारी बाई दुकानात आल्या तेव्हा दुकानदार गळाला लावायचा प्लास्टिकचा हिरवा बेडूक बादलीतल्या पाण्यात ओढून तो कसा पोहतो हे एका गिऱ्हाइकाला दाखवत होते. मत्स्य खात्याचं ओळखपत्र पाहताच त्यांनी बेडूक बादलीतच सोडला आणि हात पुसत खुर्ची पुढे केली. बाई तरुण होत्या, चपलांना तलावाकाठचा चिखल लागलेला होता, आणि त्या बसल्या नाहीत. ‘हौशी मासेमारी व्यवसाय : सद्यस्थिती आणि भवितव्य’ या विषयावर खात्याला अहवाल द्यायचा आहे, त्यासाठी तलावाची नोंदवही हवी, एवढंच त्या म्हणाल्या.

दुकानदारांनी वही मोठ्या आनंदानं काढून दिली. गळ, दोऱ्या, काठ्या आणि तऱ्हेतऱ्हेची आमिषं विकण्याचं हे दुकान ते बावीस वर्षं तलावाच्या काठावर चालवत होते, आणि तिथे गळ टाकून बसणाऱ्या हौशी मंडळाचे सचिवही तेच होते. पकडलेला मासा तिथल्या तिथे पाण्यात सोडायचा असा तलावाचा नियम होता. त्यामुळे संध्याकाळी दुकानात मासा कधी येत नसे, फक्त त्याचं वजन येई. दातांच्या डॉक्टरांनी सहा किलो सांगितलं की दुकानदार सहा लिहीत, टेलरनं आठ सांगितलं की आठ. दिवसभर टेप गळ्यात घालून फिरणारा माणूस मासा सांगताना दोन्ही हात खांद्यापलीकडे कसे नेतो, हे त्यांनी कधी विचारलं नाही. डॉक्टरांना हिरव्या बेडकावर मासा लागल्याची नोंद झाली की दुसऱ्या दिवशी हिरवे बेडूक संपतात, हे त्यांनी पहिल्याच वर्षी हेरलं होतं. शिवाय मासा लागलेला माणूस समाधानानं घरी जातो, न लागलेला नवी काठी घेतो. तेव्हा दुकानाचं उत्तम चाललं होतं.

चार दिवसांनी बाई वही घेऊन परत आल्या.

“काका, गेल्या वर्षी तुमच्याकडे बाराशे चाळीस मासे लागलेत. आमच्या अंदाजानं या तलावात गळाला लागण्याजोगे मासे आहेत चारशे. म्हणजे प्रत्येक मासा वर्षातून तीनदा पकडला गेला.”

“आमची मंडळी फार मेहनती आहेत, मॅडम,” दुकानदार अभिमानानं म्हणाले.

“मंडळींचं राहू द्या. त्या माशाला जेवायला वेळ कधी मिळतो?”

मग त्यांनी समजावून सांगितलं. गळ लागून सुटलेल्या माशांपैकी बरेच पुढे जगत नाहीत. हा वेग पाहता दोन वर्षांत तलाव रिकामा होईल. म्हणून इथे पाच वर्षं गळ टाकायला बंदी घालावी, अशी शिफारस त्या करणार होत्या. वहीतले आकडे जरा सैल आहेत, असं दुकानदारांनी कबूल केलं. कितीनं सैल, असं बाईंनी विचारलं. तसं एकदम सांगणं कठीण आहे, असं ते म्हणाले. सभासदांनी खरा आकडा लेखी दिला तर आपण फेरविचार करू, असं सांगून बाई गेल्या.

रात्री जेवताना बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि व्यवहाराची गोष्ट सांगितली. “अहो, मग छत्र्या विकू आपण. नाहीतरी दुकान आहेच.”

“छत्री घ्यायला आलेला माणूस छत्री घेतो आणि निघून जातो,” दुकानदार म्हणाले. “त्याच्याशी बोलायचं काय?”

त्यांना खरोखरच वाईट वाटलं होतं. बावीस वर्षं ते संध्याकाळची वाट पाहत आले होते. त्यांना दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही आवडतही नव्हतं. बायकोला हे ठाऊक होतं, म्हणून तिनं त्यांच्या ताटात आणखी भात वाढला.

दुसऱ्या दिवशी दुकानात सभा भरली. खरा आकडा सांगा, असं दुकानदारांनी म्हणताच सगळे छताकडे बघू लागले. डॉक्टर म्हणाले, आपले आकडे चोख आहेत, टेलरचे तपासावेत. टेलर म्हणाला, डॉक्टर दात उपटतानासुद्धा खोटं बोलतात, दुखणार नाही म्हणतात. हमरीतुमरी होणार असं दिसताच निवृत्त मुख्याध्यापकांनी तोडगा काढला. प्रत्येकानं चिठ्ठीवर वर्षभराचा खरा आकडा लिहायचा, नाव घालायचं नाही. मग चौदा जणांनी एकमेकांकडे पाठ करून चिठ्ठ्या लिहिल्या. मुख्याध्यापकांनी बेरीज केली, चष्मा पुसला आणि पुन्हा केली. तेराशे नव्वद. वहीत लिहिताना मंडळींनी विनयानं हात आखडता घेतला होता, आता नाव द्यायचं नसल्यामुळे सगळ्यांनी मोकळ्या मनानं लिहिलं होतं.

चिठ्ठ्यांची बेरीज बाईंनी टिपून घेतली. मग म्हणाल्या, “रविवारी मीच येते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत डोळ्यांनी बघते.”

वहीतले आकडे फुगवलेले आहेत हे पटवायला आता एकच उपाय होता. रविवारी कुणी मासा पकडायचा नाही. दुकानदारांनी प्रत्येकाला वेगळं गाठून हे सांगितलं, आणि आश्चर्य म्हणजे हे कसं करायचं असं एकानंही विचारलं नाही. फक्त डॉक्टरांनी थोडे आढेवेढे घेतले. “शेठ, मासा माझ्याकडे आपणहून येतो, त्याला मी काय करू?” असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांना नुसती दोरी पाण्यात सोडून बसायला सांगण्यात आलं.

रविवारी बाई काठावर मधोमध स्टूल टाकून बसल्या. डाव्या हाताला सात जण, उजव्या हाताला सात जण. सकाळ गेली, दुपार झाली. मंडळींनी आपलं काम चोख बजावलं. तीन वाजता बाईंनी पानभर काढलेली शून्यं पाहिली आणि वही मिटली.

“काका, तुमचे आकडे खरेच होते म्हणायचे,” त्या म्हणाल्या. “तलावात आता मासाच उरलेला नाही. पाच वर्षांनी भागायचं नाही, दहा वर्षं बंद ठेवावा लागेल.”

बाईंना सहापर्यंत थांबण्याची गळ घालून दुकानदार धावत सुटले. दुकानात बायको होती. दोघांनी मिळून आमिषांचे सगळे डबे टोपलीत भरले आणि काठावर आणून ओतले. हिरवे बेडूक, लाल बेडूक, पिठाच्या गोळ्या, गांडुळं, जे हाताला लागेल ते मंडळींनी गळाला लावलं. आता पकडायचं आहे, असा निरोप कानोकान गेला आणि तेव्हा मात्र सगळ्यांचे चेहरे उतरले. चौदा काठ्या एकदम हवेत फिरू लागल्या. टेलरचा गळ मुख्याध्यापकांच्या टोपीत अडकला, टोपी पाण्यात गेली, ती काढायला डॉक्टरांनी गळ टाकला तो टेलरच्या बाहीत रुतला. बाही टेलरनं स्वतः शिवलेली असल्यामुळे फाटेना. पावणेसहा वाजले तरी एकाही माशानं तोंड दाखवलं नव्हतं.

“मॅडम, जरा ही काठी धरता का?” असं म्हणून दुकानदारांनी आपली काठी बाईंच्या हातात दिली आणि ते तिघांना सोडवायला गेले.

टेलरचा हात मोकळा होतो न होतो तोच मागून बाईंची हाक आली. “काका. काहीतरी ओढतंय.”

सगळे जागच्या जागी थांबले. बाई स्टुलावरून उठल्या होत्या, चष्मा नाकावर घसरला होता, आणि काठीचं टोक पाण्याकडे वाकून थरथरत होतं. सैल सोडा, नाही ओढा, थोडं सैल, असे चौदा सल्ले एकदम सुरू झाले. बाईंना काही ऐकूच येत नव्हतं. त्या चपलांसकट पाण्यात उतरल्या, मागे झुकल्या, आणि एका झटक्यात मासा पाण्याबाहेर आला. तो वीतभर होता. मावळत्या उन्हात क्षणभर लकाकला, गळावरून निसटला आणि टपकन पाण्यात पडला.

बाई गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या आणि पाण्याकडे बघत होत्या. त्यांचा श्वास लागला होता. दुकानदारांनी सवयीनं वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, आणि मग आपण काय करतोय हे लक्षात येऊन ओशाळले.

“किती लिहू, मॅडम?” त्यांनी हळूच विचारलं.

बाईंनी पाण्याकडे बघतच काठी काखेत धरली आणि दोन्ही हात एकमेकांपासून दूर नेले. थांबले असं वाटलं तेवढ्यात आणखी थोडे दूर नेले.

“दोन किलो तरी असेल,” त्या म्हणाल्या.

“अडीच,” मुख्याध्यापक गंभीरपणे म्हणाले. “मी शेपटी बघितली.”

“हो ना? मलाही अडीचच वाटला.”

टेलरनं मान डोलावली. डॉक्टर म्हणाले की एवढा मासा या काठाला फार दिवसांत कुणी पाहिला नव्हता, आणि यात खोटं काहीच नव्हतं. दुकानदारांनी अडीच लिहिले.

मोठे मासे मुबलक, ते अत्यंत हुशार असल्यामुळे सहसा गळाला लागत नाहीत, बंदीची आवश्यकता नाही, व्यवसायाचं भवितव्य उज्ज्वल, असा अहवाल गेल्याचं मागाहून कळलं. पण दुकानदारांना तो वाचायची गरज पडली नाही. सोमवारी सकाळी ते दुकान उघडत होते तेव्हा बाई पायरीवर उभ्याच होत्या. सरकारी पिशवी नव्हती, ओळखपत्रही नव्हतं.

“काका, स्वतःची काठी घ्यावी म्हणते,” त्या जरा संकोचून म्हणाल्या. “मजबूत दाखवा. कालच्यासारखा तीन-साडेतीन किलोचा आला तर मोडायला नको.”