दोन काचांमधली तेवीस तिकिटं

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर जयपूरला चला. साल चौऱ्याऐंशी, महिना मे. लष्करी छावणीतलं दोन खोल्यांचं क्वार्टर. बाहेर ऊन असं, की सायकलच्या घंटीला बोट लावलं तर घंटीच्या आधी आपण वाजावं. आत खिडकीत पत्र्याचा भलामोठा कूलर घरघरतोय. त्याच्या तिन्ही बाजूंना वाळ्याच्या जाळ्या आहेत, जाळ्यांवरून पाणी झिरपतंय आणि पंखा त्यातून गार, सुगंधी वारा खोलीत फेकतोय. पोहोचलात? मग आता डोळे उघडा, नाहीतर पुढचं वाचणार कसं?

हा कूलर नीट लक्षात ठेवा. हिंदुरावांनी ठेवला नाही, म्हणून तर ही गोष्ट घडली.

हिंदुराव म्हणजे दहा वर्षांच्या जयंतीचे आजोबा. पाटण तालुक्यातल्या एका गावात छत्तीस वर्षं पोस्टमास्तर होते. त्यांचा मुलगा गुलाबराव सैन्यात हवालदार. त्याची नेमणूक अरुणाचलच्या डोंगरात झाली, तिथं कुटुंब नेता येत नाही, म्हणून जयंती आणि तिची आई शालिनी जयपुरातच राहिल्या आणि सोबतीला आजोबा गावाहून आले.

गुलाबराव पंधरा दिवसांनी पत्र पाठवायचा. प्रत्येक पत्रात जयंतीसाठी एक कोरं तिकीट असायचं. कोरं म्हणजे शिक्का न बसलेलं, पाठीवर डिंक तसाच्या तसा. त्या डिंकाच्या बाजूला तो पेन्सिलनं बारीकसा आकडा घालायचा. पहिल्या पत्रातल्या तिकिटावर एक, दुसऱ्यातल्यावर दोन. अकरा महिन्यांत तेवीस झाली होती. जयंती ती बिस्किटांच्या डब्यात ठेवायची. एक जूनला पप्पा सुट्टीवर येणार होते आणि त्यांनी लिहिलं होतं, ‘आलो की दोघं मिळून सगळी मांडून बघू. एकही हरवू नकोस.’

जयंती रोज मोजायची. आजोबांना ते बघवेना.

“तिकिटं काय डब्यात ठेवतात? डब्यात बिस्किटं ठेवतात. मी याची फ्रेम करतो. तुझा बाप दारात आला की समोर भिंतीवर तेवीसच्या तेवीस.”

“आजोबा, चिकटवायची नाहीत. पप्पांचे आकडे जातील.”

“अगं, चिकटवतोय कोण? दोन काचा घ्यायच्या, मध्ये तिकिटं ठेवायची. पुढून चित्रं दिसतील, फ्रेम उलटली की आकडे. डिंकाचा थेंब नाही लागायचा. छत्तीस वर्षं तिकिटं हाताळलीत मी.”

“मतलब, पक्कं ना?”

“मतलब पक्कं.” हिंदुराव एरवी तिच्या ‘मतलब’वर टोकायचे. त्या दिवशी घाई होती.

शहरात चांदपोलजवळ भँवरलालजींचं फ्रेमचं दुकान होतं. देवांच्या तसबिरी आणि लग्नाचे फोटो यांत त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांनी तिकिटं बघितली, पाठीवरून हलकेच बोट फिरवलं आणि म्हणाले, “बाऊजी, गोंद है इस पर. बीच में मोमी कागज़ लगा दूँ?”

मोमी कागद म्हणजे मेणकागद. आता गंमत बघा. हा मेणकागद हिंदुरावांना ठाऊक नव्हता असं नाही. पाटणला पावसाळ्यात चार महिने सगळं जग ओलं. काडेपेटी पेटत नाही, मीठ बरणीतून ओघळतं. तिकिटांच्या तावांमध्ये मेणकागद घातला नाही, तर सकाळी अख्ख्या गठ्ठ्याची वीट झालेली असायची. तेव्हा प्रत्येक जूनमध्ये हिंदुराव स्वतः कात्रीनं मेणकागद कापायचे. पण ते पाटणला.

“भँवरलालजी,” ते हसून म्हणाले, “हमारे उधर पाणी पडता है. इधर क्या है? इधर पापड़ बाहर रखो तो भी आठ दिन कुरकुरीत रहता है. नको कागद.”

“कुरकुरीत?” भँवरलालजींनी विचारलं. पण काच कापायला घेतली.

फ्रेम सुरेख झाली. दीड हात रुंद, हातभर उंच. सारस, वाघ, जुनं आगगाडीचं इंजिन, हॉकीवाला, डोंगरातली निळी फुलं, सगळी रांगेत उभी. घरात सगळ्यांत चांगली जागा कोणती? जिथं गार वारा थेट लागतो ती. पाहुण्यांची खुर्चीही तिथंच असायची. हिंदुरावांनी बरोबर कूलरसमोर खिळा ठोकला.

“मामंजी, वारा लागून पडायची नाही ना?” शालिनीनं विचारलं.

“पडते कशी? आणि तिकिटांना जरा गारवा नको?”

तिकिटांना गारवा मिळाला. सहा दिवस, सहा रात्री, वाळ्याच्या ओलाव्यासकट.

सातव्या दिवशी दुपारी जयंती मैत्रिणीकडे गेली होती. हिंदुराव फ्रेम पुसायला गेले, तर काचेच्या आतून धुकं धरलेलं. त्यांनी बोटानं पुसलं. जाईना. मग त्यांच्या छातीत काहीतरी पाटणच्या जून महिन्यासारखं दाटून आलं. त्यांनी कूलरकडे बघितलं. कूलर प्रामाणिकपणे घरघरत होता. ज्या पावसाला भिऊन त्यांनी छत्तीस वर्षं मेणकागद कापला, तोच पाऊस पत्र्याच्या डब्यात बसून, बटणावर चालत, जयपूरपर्यंत आला होता.

त्यांनी चौकट उघडली. पुढची काच सुटली. मागच्या काचेवर तेवीस तिकिटं अशी बसली होती, जणू ती काचच पाटणपर्यंत पोस्टानं धाडायची आहे.

शालिनी स्वयंपाकघरातून आली आणि वाकून बघू लागली.

“जयंतीला सांगू नकोस,” हिंदुराव म्हणाले. “मी काढतो.”

“कशानं?”

“अनुभवानं.”

अनुभवानं आधी दाढीचं पातं आणलं. तेविसाव्या तिकिटाच्या कोपऱ्याखाली ते सरकवलं, आणि तिकिटाचा एक दात काचेवरच राहिला. पातं परत दाढीच्या डब्यात गेलं. मग अनुभव म्हणाला, ओल लागली तर ऊन दाखवावं. हिंदुरावांनी काच गच्चीवर नेली आणि शेजारच्या रत्नप्रभाबाईंच्या कुरडयांच्या ओळीत मांडून ठेवली. पाऊण तासानं काचेला हात लावला तर हात भाजला. डिंक वाळला होता हे खरं, पण तिकिटांसकट. आता ती चिकटलेली नव्हती. भाजलेली होती.

त्यांनी चौकट पुन्हा बसवली, फ्रेम खिळ्यावर टांगली आणि वरून टॉवेल टाकला.

“हे काय?” जयंतीनं आल्याबरोबर विचारलं.

“उजेडानं रंग उडतात.”

“मग बघायचं कसं?”

“पप्पा आले की बघायचं.”

हे जयंतीला पटलं नाही, पण आजोबा कधी खोटं बोलत नाहीत हे तिला माहीत होतं. हिंदुरावांनाही ते माहीत होतं. त्या संध्याकाळी त्यांना भाकरी गेली नाही.

दुसऱ्या दिवशी रत्नप्रभाबाई दोघीतिघींना घेऊन आल्या. चूक त्यांची नाही. फ्रेम भिंतीवर चढली त्या दिवसापासून हिंदुराव सगळ्या लाइनीत सांगत फिरले होते, की अशी फ्रेम राजवाड्यात नसेल.

“आबा, दाखवा की तुमची फ्रेम.”

“आज नको.”

“का हो?”

“झोपलीत,” हिंदुरावांच्या तोंडून निघून गेलं.

“कोण?”

“तिकिटं.”

रत्नप्रभाबाईंनी टॉवेलकडे बघितलं, हिंदुरावांकडे बघितलं, आणि पाणी प्यायच्या आधीच त्या उठल्या. संध्याकाळी नळावर चर्चा झाली. एक म्हणाली, म्हाताऱ्याला ऊन लागलंय. दुसरी म्हणाली, उन्हाचं काय नाही, तिकिटं मोलाची असतात, विकली असतील, टॉवेलाखाली नुसती काच असेल. तिसरी म्हणाली, तरीच काल ते काहीतरी झाकून जिना चढत होते. जयंती बादली घेऊन मागे उभी होती.

ती बादली तिथंच ठेवून घरी आली. हिंदुराव खुर्चीत बसले होते. ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

“आजोबा, तुम्ही माझी तिकिटं विकली?”

हिंदुराव उठले. छत्तीस वर्षांत त्यांच्या हातून एक मनिऑर्डर चुकली नव्हती. त्यांनी टॉवेल काढला, फ्रेम खाली उतरवली आणि तिच्या हातात दिली.

जयंतीनं मोजली. “बावीस, तेवीस,” ती म्हणाली आणि तिनं मोठा श्वास सोडला. मग काचेला नाक लावून बघितलं. “आजोबा, ही चिकटलीत.”

“हो.”

“कूलरनं?”

“माझ्यानं,” हिंदुराव म्हणाले. “मी फुशारकीत मेणकागद नको म्हटलं. वर तुझ्यापासून लपवलं. रंगाचं खोटं सांगितलं.”

जयंती आता रडेल असं त्यांना वाटलं. ती म्हणाली, “पाकिटावरची तिकिटं मी पाण्यात भिजवून काढते. तसंच करायचं ना.”

“अगं, पण आकडे डिंकावर आहेत. डिंक गेला की पप्पांचे आकडे गेले.”

यावर मात्र तिचे डोळे भरले. हिंदुरावांनी नजर कूलरकडे वळवली. ती हळूच म्हणाली, “भिजवू या. नाहीतर तिकिटं पण जातील.”

आता एवढी काच भिजवायची कशात? परातीत मावेना. बादलीत उभी राहीना. पितळेचं पातेलं होतं, त्यात एक कोपरा बसला आणि तीन बाहेर राहिले. जयंती घरभर फिरली आणि कूलरसमोर येऊन थांबली. त्याच्या तळाला चांगली हातभर खोल पाण्याची टाकी होती, आणि रुंदी विचारूच नका.

तिनं आधी कूलर बंद केला आणि आईला प्लग काढायला लावला. मुलांनो, हे तुम्हीही लक्षात ठेवा, पाणी आणि वीज यांची भेट कधी घडवू नये. मग हिंदुरावांनी चौकट उघडून मागची काच काढली, कूलरची एक जाळी उचलली आणि दोघांनी मिळून काच पाण्यात सोडली.

पंधरा मिनिटं सगळे पाण्यात बघत राहिले. घरात उकाडा भरला. तिघांच्या मानेवरून घाम ओघळत होता. मग पाण्यात काहीतरी हललं. वाघ सुटला आणि वर आला. त्याच्यामागून इंजिन, मग दोन फुलं. कूलरच्या टाकीत सारस पोहू लागला. शालिनीला दोन दिवसांत पहिल्यांदा हसू आलं.

जयंतीनं एकेक तिकीट तळव्यावर उचलून जुन्या धोतरावर मांडलं. हिंदुरावांनी एक उलटून बघितलं. पाठ कोरी पांढरी होती.

“मला सांग कुठलं कितवं,” ते म्हणाले. “मी पेन्सिलनं पुन्हा घालतो.”

“नको. तुम्ही आता हात लावू नका.”

हिंदुरावांनी हात मागे बांधले.

“आणि मला येतं,” ती म्हणाली. “सारस पहिलं. त्या पत्रात पप्पांनी लिहिलं होतं, की तिथं चहाला उकळी यायला अर्धा तास लागतो. इंजिन दुसरं. तेव्हा त्यांचा मोजा उंदरानं नेला होता. वाघ तिसरं. त्या पत्रात नुसतं ‘मी ठीक आहे’ लिहिलं होतं आणि आई दोन दिवस बोलत नव्हती.”

अशी ती तेविसापर्यंत गेली. एकही अडलं नाही. हिंदुराव मागे हात बांधून ऐकत राहिले. अकरा महिने ही सगळी पत्रं त्यांनीही वाचली होती. त्यांना उंदीर आठवत नव्हता.

एक जूनला गुलाबराव आला. अंगावरची धूळ न झटकता त्यानं विचारलं, “कुठाय माझा हिशेब?” जयंतीनं बिस्किटांचा डबा आणला. त्यानं एकेक तिकीट हातात घेतलं, मग नाकाशी नेलं.

“जयू, यांना वाळ्याचा वास कसा?”

जयंतीनं आजोबांकडे बघितलं. हिंदुरावांनी सगळं सांगितलं. खिळा, कूलर, पातं, कुरडया, झोपलेली तिकिटं, काही गाळलं नाही. गुलाबराव हसता हसता खाटेवर आडवा झाला.

“आबा, एवढंच ना?” डोळे पुसत तो म्हणाला. “मग कूलर आतल्या खोलीत ठेवू. फ्रेम उद्या पुन्हा नवी करून आणू. मी बघतो ना.”

“तेच म्हणतोय मी,” हिंदुरावांच्या आवाजात पहिला जोर परत आला. “या वेळी मेणकागद घालू. छत्तीस वर्षं तिकिटं हाताळलीत मी.”

बापलेक एकदम भिंतीवरच्या खिळ्याकडे बघू लागले. जयंतीनं तिकिटं मोजून डब्यात ठेवली, झाकण घट्ट लावलं, डबा जमिनीवर ठेवला आणि त्यावर मांडी घालून बसली.